परळची वारी

पंढरीची वारी आषाढीला, आळंदीची कार्तिकात. आम्हां इंदूरकरांच्या पुष्कळ घरांतून आणखी एक वारी चालू असते. तिला तिथी नाही आणि मासही नाही. ती परळची वारी. सायंकाळी इंदूरच्या फलाटावर मुंबईची अवंतिका एक्स्प्रेस उभी असते, तेव्हा त्या गर्दीतले हे वारकरी अनुभवी दृष्टीला सहज ओळखू येतात. काखेत जाड फाइल, क्ष-किरण चित्रांचे मोठे पाकीट, खांद्याला थर्मास, आणि सोबत तोंडावर मुखपट्टी बांधलेले एक माणूस. त्याला खिडकीजवळची जागा मिळावी म्हणून बरोबरची मंडळी हलक्या आवाजात इतरांची मनधरणी करीत असतात.

१४ नोव्हेंबर २०२२ रोजी परळला पहिले इंजेक्शन ठरले आणि माझी थोरली बहीण व मी या वारकऱ्यांत सामील झालो. त्या वर्षीच्या गणपतीत ताईला स्तनात गाठ लागली होती. ऑक्टोबरात शस्त्रक्रिया झाली आणि दिवाळीनंतर केमोथेरपी सुरू करायचे ठरले. एकवीस दिवसांच्या अंतराने आठ वेळा. ताईचे वय तेव्हा बासष्ट. यजमान सहा वर्षांपूर्वी गेलेले, मुलगा दूरदेशी नोकरीला. मी एका शासकीय विद्यालयाचा मुख्याध्यापक. अर्जित रजा पुष्कळ साठलेली. म्हणून सोबतीचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

येथे वाचकांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या घरातला विनोद सारा ताईच्या वाट्याला आला होता. माझ्याविषयी शाळेत अशी ख्याती आहे की, मी हसलो तर त्या दिवशी सुटी जाहीर होते. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ताई पंधरा-सोळांची. रामबागेतल्या आमच्या वाड्यात रात्री दिवा मालवला की मला भीती वाटे. मग ताई अंधारातच शेजाऱ्यांच्या हुबेहूब नकला करून मला झोप येईपर्यंत हसवीत असे. तेच ऋण आता फेडावयाचे होते, आणि फेडणाऱ्याच्या गाठीला त्या नाण्यातले एकही नाणे नव्हते.

पहिल्या प्रवासात मी तयारी करून निघालो होतो. वाचनालयातून विनोदी पुस्तके आणली होती, काही चुटके वहीत उतरून घेतले होते. उज्जैन सुटल्यावर मी वही काढली आणि पाठ म्हटल्यासारखा एक चुटका सांगितला. ताईने शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "बापू, आता याचा सारांश आणि दोन प्रश्नोत्तरेही सांगून टाक." समोरच्या बाकावरचे रतलामचे व्यापारी गृहस्थ इतके हसले की त्यांच्या हातातला चहा सांडला. वही पुन्हा पिशवीत गेली.

मध्यरात्रीच्या सुमारास बडोदे आले. ताई जागीच होती. खिडकीच्या काचेला हात लावून ती म्हणाली, "इथे चिं. वि. जोशी पाली भाषा शिकवीत असत. एवढी गंभीर भाषा शिकवायची आणि घरी येऊन चिमणराव लिहायचा! तुला अजून आशा आहे." चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे महाराष्ट्राबाहेर राहून सबंध महाराष्ट्राला हसवणारे आपले थोर लेखक. त्यांच्या चिमणरावाच्या पाठीशी त्याचा मावसभाऊ गुंड्याभाऊ सोटा घेऊन उभा असतो. त्या रात्रीपासून ताईने स्वतःकडे चिमणरावाची भूमिका घेतली आणि मला गुंड्याभाऊ केले. फाइल हाच माझा सोटा.

मुंबई सेंट्रलला उतरून टॅक्सीने सात रस्ता, चिंचपोकळी, लालबाग असे करीत परळला जाता येते. एके काळी हे सारे गिरणगाव होते. १९८२च्या संपानंतर गिरण्या हळूहळू थंडावल्या आणि आज चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे आहेत. पण परळची आणखी एक जुनी ओळख आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. तेव्हा लस तयार करणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ पासून येथल्या जुन्या गव्हर्नर-निवासात थाटली गेली. केईएम रुग्णालय १९२६ मधले. आणि त्याच्याच शेजारी टाटा स्मारक रुग्णालय. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि पुढल्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी निवर्तले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, आणि १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. ज्या रस्त्यावर ते उभे आहे त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव आहे. हे मूळचे गोव्याचे, आणि याच रुग्णालयातले नामांकित शल्यचिकित्सक.

त्या रस्त्याच्या पदपथावर सबंध हिंदुस्थान भेटतो. बंगाली, मैथिली, असमिया, भोजपुरी, कोकणी. आणि आमची इंदुरी मराठीही. पहिल्याच दिवशी रांगेत एका बाईंनी ताईला जरा सरकायला सांगितले. "सरकून राहिले ना बाई," ताईने उत्तर दिले. त्या बाई सातारच्या होत्या. काही क्षण त्यांनी ताईकडे पाहिले आणि मग मला विचारले, "ह्यांना बोलायला त्रास होतो का?" ताईला तीन दिवस हे वाक्य पुरले. "आजार छातीचा, आणि निदान जिभेचे!"

केमोथेरपी या शब्दाने मनुष्य हबकतो. प्रत्यक्षात ते एका खुर्चीत तीन-चार तास बसणे असते. ताईच्या पहिल्या चार खेपांत मुख्य औषध डॉक्सोरुबिसिन हे होते. जास्वंदीच्या रंगाचे हे औषध परिचारिका सलाइनच्या नळीतून स्वतःच्या हाताने अगदी सावकाश सोडते, कारण ते शिरेबाहेर सांडले तर मांस जळते. त्याचे मूळ मोठे मनोरंजक आहे. दक्षिण इटलीत एड्रियाटिक समुद्रापासून जवळच असलेल्या एका जुन्या गढीच्या परिसरातील मातीत एक सूक्ष्म जीव सापडला. तो लाल रंगाचे द्रव्य तयार करीत असे. त्याच कुळातल्या जीवापासून पुढे हे औषध निघाले, आणि त्याच्या एका व्यापारी नावात त्या समुद्राचे नाव राहिले. शाळामास्तराच्या सवयीने मी ही माहिती ताईला ऐकवली. ती म्हणाली, "म्हणजे माती इटलीची आणि मडके इंदूरचे."

परिचारिकेने बजावले, "एक-दोन दिवस लघवी लालसर होईल, घाबरू नका." ताईने गंभीर चेहऱ्याने विचारले, "सिस्टर, आमच्या इंदुरात रंगपंचमीला राजवाड्यापुढे गेर निघते. त्यात रंगाच्या तोफा असतात. तेवढे काही होणार नाही ना?" त्या केरळच्या बाईंना गेर म्हणजे काय ते मी समजावून सांगितले. आसपासच्या चार खुर्च्यांवरचे चार रुग्ण त्या दिवशी प्रथमच एकमेकांकडे वळून बोलू लागले.

येथवर वाचून कुणाला वाटेल की आमची वारी हसतखेळत पार पडली. तसे झाले नाही. दोन प्रसंग असे आले की ज्यांनी मला विनोदाची दुसरी बाजू दाखवली. ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

ही औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्कपेशी तशा असतातच; पण केसांची मुळे, तोंडातील आतले अस्तर आणि अस्थिमज्जेतील रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच. म्हणून केस जातात, तोंड येते, आणि रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. पहिल्या इंजेक्शनानंतर अठराव्या दिवशी सकाळी ताईच्या उशीवर केसांचा पुंजका दिसला. दुपारपर्यंत फणीला तेच. संध्याकाळी तिने मला वाड्यातल्या न्हाव्याला बोलावून आणायला सांगितले आणि माजघरात पाटावर बसून सगळे केस काढून घेतले. न्हावी गेल्यावर ती आरशासमोर उभी राहिली. मी दारात होतो. काहीतरी बोलले पाहिजे, शांतता लांबता कामा नये, असे वाटून मी म्हणालो, "ताई, अगदी आत्याबाई दिसतेस!"

आत्याबाई म्हणजे आमच्या वडिलांची आत्या. दहाव्या वर्षी विधवा झालेली, केशवपन केलेली; लाल आलवणात तिने याच माजघरात साठ वर्षे काढली. मला ती पुसट आठवते. ताईला मात्र चांगली आठवते, कारण दर पंधरवड्याला न्हावी आला की आत्याबाईजवळ बसायला घरातल्या मोठ्या बायका टाळत आणि लहानग्या ताईला तेथे बसवीत असत. हे मला माहीत नव्हते. माहीत असते तरी त्या घाईत आठवले असते असे मी म्हणणार नाही.

ताई काही बोलली नाही. आत जाऊन तिने आपली एक जुनी महेश्वरी साडी काढली, पदराचा भाग कात्रीने कापला, डोक्याला गुंडाळला आणि स्वयंपाकघरात दिवा लावायला गेली. रात्री जेवण झाल्यावर एवढेच म्हणाली, "बापू, आत्याबाईला कुणी विचारले नव्हते. मला मी स्वतः विचारले. दोन्हींत अंतर आहे. ते तुझ्या ध्यानात असू दे."

त्या रात्री मला झोप आली नाही. पाटावर बसताना तिने किती बळ एकवटले असेल, आणि मी एका वाक्यात तिला त्याच पाटावर साठ वर्षे मागे नेऊन बसवले! त्या दिवसापासून एक नियम मी पाळला. तिच्या शरीराविषयीचा विनोद तिने केला तर हसायचे. आपण होऊन करायचा नाही. स्वतःच्या फजितीवर मात्र हवे तेवढे बोलावे. माझी फजिती हा विषय अक्षय होता. पोळ्या लाटायला मी त्याच महिन्यात शिकलो, आणि त्यांचे नकाशे पाहून ताई रोज एकेका राज्याचे नाव सांगे. मध्य प्रदेश मात्र शेवटपर्यंत जमला नाही.

दुसरा प्रसंग त्याहून कठीण. इंजेक्शनानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशींची संख्या सर्वांत खाली जाते. त्या काळात ताप शंभर अंश चार पॉइंटवर गेला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण शरीराजवळ जंतूंशी लढायला सैन्यच नसते, असे आम्हांला लेखी दिले होते. दुसऱ्या इंजेक्शनानंतरच्या दहाव्या रात्री ताई जेवली नाही. मी विचारल्यावर म्हणाली, "तुझ्या पोळीशी माझे भांडण आहे." मी हसलो. थंडी वाजते का, असे विचारले तर म्हणाली, "डिसेंबर आहे, हेडमास्तर, भूगोल विसरलास का?" मी पुन्हा हसलो. रात्री एकच्या सुमारास पाणी प्यायला उठलो तर तिच्या खोलीतून दात वाजल्याचा आवाज येत होता. तापमापी लावली, एकशे दोन.

रिक्षातून रुग्णालयात जाईपर्यंत दोन वाजले. शिरेतून जंतुनाशक औषधे सुरू झाली. तेथील तरुण डॉक्टरने विचारले, "ताप केव्हापासून आहे?" ताईने उत्तर दिले, "संध्याकाळी पाचपासून." नऊ तास तिने तो विनोदाखाली झाकून ठेवला होता आणि मी त्या विनोदाला दाद देत बसलो होतो. पाच दिवसांनी ती घरी आली. मी रागावलो, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच तिच्यावर. ती म्हणाली, "तुझी शाळेची तपासणी होती दुसऱ्या दिवशी. वाटले, सकाळपर्यंत निभेल." नंतर थोडे थांबून म्हणाली, "मला भीती वाटली रे. भीती वाटली की मला नकला सुचतात. तुला लहानपणी हसवायची ना, तेव्हा मलाही अंधाराची भीती वाटत असे."

एवढे वाक्य पन्नास वर्षे आमच्या घरात बोलायचे राहिले होते.

पुढे आम्ही ठराव केला. सकाळी आठ आणि रात्री आठ अशी दिवसातून दोनदा तापमापी लागेल, आणि आकडा वहीत लिहीपर्यंत दोघांनीही विनोद करावयाचा नाही. चुटक्यांसाठी आणलेली ती वही अशा रीतीने उपयोगी पडली. आजही ती माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर तीन चुटके, आणि पुढे सगळे आकडे.

चौथ्या खेपेला आम्ही संक्रांतीच्या सकाळी मुंबईत उतरलो. ताईने घरच्या तिळगुळाचा डबा आणला होता, पण स्वतःला एकही लाडू खाववेना. या औषधांनी तोंडाला लोखंडाची चव येते. गोड कडू लागते, आणि गरम अन्नाचा वास सहन होत नाही. थंड दहीभात तेवढा उतरतो. दुसऱ्या दिवशी रक्त तपासले. निरोगी माणसाच्या रक्तात एका घन मिलिमीटरला चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात. ताईच्या एकवीसशे निघाल्या. इंजेक्शन आठवडाभर पुढे गेले. "हजेरी कमी भरली," मी म्हणालो, "परीक्षेला बसू देत नाहीत." हा विनोद तिच्या शरीराविषयीचा होता की शाळेविषयीचा, याचा निर्णय मला तेव्हा करता आला नाही, पण ताई हसली, म्हणून तो शाळेविषयीचा ठरवला.

तो आठवडा आम्ही जवळच्याच एका धर्मशाळेत काढला. गाडगेबाबांनी आयुष्यभर हातात झाडू घेऊन गावे झाडली, पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या, आणि स्वतः मात्र कुठल्याच धर्मशाळेचे मालक झाले नाहीत. त्यांच्या नावाची धर्मशाळा दादरलाही आहे आणि तेथे दूरगावचे रुग्ण उतरतात. अशा जागी राहिल्याशिवाय त्यांची थोरवी कळत नाही. आमच्या धर्मशाळेत एका दालनात आठ खाटा होत्या आणि स्वयंपाकाला सामाईक ओटा होता. वरणाला मोहरीच्या तेलाची फोडणी पडली की ताई नाकाला पदर लावून गच्चीवर जाई, आणि ती बंगाली बाई दुसऱ्या दिवशी आपणहून फोडणी उशिरा देई. कुणी कुणाला काही सांगितले नाही.

तेथे दरभंग्याकडचा आठ वर्षांचा एक मुलगा होता. त्याला रक्ताचा कर्करोग. वडील हमाली करीत, आई त्याच्यापाशी. तोही मुंडावलेला. पहिल्या दिवशी तो ताईच्या डोक्यावरच्या महेश्वरी पदराकडे एकटक पाहत राहिला. ताईने पदर काढला आणि डोके पुढे करून विचारले, "बताओ, किसका ज़्यादा चमकता है?" त्याने बराच वेळ विचार केला आणि निकाल दिला, "आपका. मेरे पे तिल है." संध्याकाळपर्यंत दालनातल्या सर्व केसहीन मंडळींची रांगेत तपासणी झाली. परीक्षक म्हणून मला नेमले होते. केस शाबूत असल्याने मला मतदानाचा हक्क नव्हता.

त्या मुलाच्या औषधांपैकी एक होते व्हिन्क्रिस्टिन. ते सदाफुलीपासून मिळते. आपल्या अंगणात, तुळशीच्या कट्ट्याशेजारी, कुणी न लावताही उगवते ती गुलाबी सदाफुली. ती मूळची मादागास्करची. मधुमेहावरचा घरगुती उपाय म्हणून तिची कीर्ती होती. १९५०च्या दशकात कॅनडातील संशोधकांनी ती तपासली तेव्हा साखर काही उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी उतरल्या, आणि त्यातून ही औषधे निघाली. मुलांच्या या आजारावर त्याआधी, १९४८ साली, बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी पहिल्यांदा तात्पुरता का होईना, उतार पाडून दाखवला. त्यांना ते औषध पुरवणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते आपल्या आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्या काळी असे मूल काही महिन्यांत जात असे. आज उपचार पूर्ण झाले तर बहुसंख्य मुले बरी होतात. वाचकांपैकी कुणी सदाफुलीची पाने चावून पाहू नयेत, एवढे मात्र सांगून ठेवतो. ती विषारी आहेत; औषध होण्यापूर्वी तिचा अर्क किती तरी गाळण्यांतून जातो.

ताईने त्या मुलाला सांगितले की त्याच्या सलाइनमध्ये फूल आहे. त्याचा विश्वास बसेना. मी जवळच्या बागेतून सदाफुलीची एक फांदी आणून दाखवली. आठवडा संपला, आमचे इंजेक्शन झाले आणि आम्ही निघालो, तेव्हा ती फांदी पाण्याच्या बाटलीत त्याच्या खिडकीत होती. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा ती मंडळी तेथे नव्हती. कुठे गेली ते व्यवस्थापकांनाही सांगता येईना. उपचारांचा टप्पा संपला की लोक गावी जातात, असे ते म्हणाले. ताईने त्या दिवशी कुठलाही विनोद केला नाही, आणि मीही तिला हसवायला गेलो नाही. आम्ही दोघे गच्चीवर बसून राहिलो. सोबत म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी अधिक कळले असे वाटते.

पाचव्या खेपेपासून औषध बदलले. हे नवे औषध पॅक्लिटॅक्सेल. ते अमेरिकेतल्या यू नावाच्या सूचिपर्णी वृक्षाच्या सालीत प्रथम सापडले. उलट्या थांबल्या, पण बोटांना मुंग्या येऊन ती बधिर झाली. ब्लाउजची हुके ताईला लावता येईनात. २२ मार्च २०२३ रोजी गुढीपाडवा होता. दरवर्षी गुढी ताई उभारते. त्या वर्षी गाठ मी मारली आणि तिने नुसते हात लावले. काठीवर साडी, गाठी, कडुलिंब, आणि वर उपडा घातलेला चकचकीत तांब्या. ताई खाली उभी राहून तिच्याकडे बराच वेळ पाहत होती. मग डोक्यावरचा पदर तिने सोडला, गुढीशेजारी ताठ उभी राहिली आणि मला म्हणाली, "बघ रे, दोघींत फरक आहे का काही?"

नियमाप्रमाणे हा विनोद तिचा होता. मी हसलो. शेजारच्या घराच्या ओसरीवरून काकू पाहत होत्या, त्या हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या. रामबागेने ताईचे उघडे डोके त्या दिवशी प्रथम पाहिले. त्यानंतर तिने घरात पदर बांधणे सोडून दिले.

१७ एप्रिल २०२३ रोजी आठवे आणि शेवटचे इंजेक्शन झाले. त्या सकाळी लालबागेतून जाताना टॅक्सीत मिरच्यांचा खकाणा शिरला. उन्हाळा आला की तेथे गल्लीत मसाले कांडण्याचा हंगाम असतो. तिघेही शिंकू लागलो, टॅक्सीवालाही. मला ताईची काळजी वाटली, कारण पाच महिने वासाने तिचा जीव नकोसा केला होता. पण तिने खिडकीची काच आणखी खाली केली, नाकाने खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "परत जाताना अर्धा किलो घेऊ." कुठल्या तरी वासाची तिने स्वतःहून वाखाणणी करावी, असे त्या पाच महिन्यांत पहिल्यांदाच घडले. तो मसाला आम्ही घेतला. अवंतिकेच्या डब्यात त्याच्या वासाने सबंध खण शिंकत होता आणि मी सर्वांची क्षमा मागत होतो.

आता लोक मला विचारतात की, हसण्याने आजार बरा होतो, हे खरे का? मी शिक्षक आहे, खोटे शिकवता येत नाही. आजार औषधांनी हटतो, शस्त्रक्रियेने हटतो, वेळेवर लागलेल्या तापमापीने माणूस वाचतो. हसण्याने एका खुर्चीतले तीन तास जातात, रात्रीचा प्रवास जातो, आणि आजारी माणूस थोडा वेळ फाइलीतून बाहेर येऊन पूर्वीसारखा आपल्या घरातला होतो. तेवढ्यासाठीही ते मोलाचे आहे. मात्र ज्यांच्यावर सोबतीची वेळ येईल त्यांनी एवढे जरूर करावे: रुग्णाच्या हसण्यावर विसंबू नये, त्याचे हात-पाय लावून पाहावेत. भेटीला येणाऱ्यांत कुणाला सर्दी-पडसे असेल तर दारातूनच नमस्कार घ्यावा, राग आला तर येऊ द्यावा. मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांसाठी तांब्या नेहमी भरून ठेवावा.

ताईची तपासणी ठरावीक महिन्यांनी होते, आणि त्यासाठी आम्ही अजूनही अवंतिकेने जातो. प्रत्येक अहवालापूर्वी दोन रात्री तिला झोप नसते, मलाही नसते. डॉक्टर "ठीक आहे" म्हणतात तेव्हा आम्ही पुढच्या तारखेची चिठ्ठी घेऊन बाहेर पडतो. केस परत आले. पूर्वी सरळ होते, आता कुरळे आले आहेत. बोटांचा बधिरपणा थोडा राहिला आहे. वाड्याच्या अंगणात एक सदाफुली आहे, तिला ताई रोज स्वतः पाणी घालते.

परवाच्या खेपेला बडोदे आले तेव्हा ताई गाढ झोपली होती. मी जागा होतो. पूर्वी ती जागी असायची आणि मी झोपायचो. गाडी हलली तसे मी हळूच तिच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले. डोळे न उघडताच ती पुटपुटली, "गुंड्याभाऊ, फाइल सांभाळ."

फाइल माझ्या मांडीवरच होती.